थोरलीची हरकत

खुर्ची विणायला दोन माणसं लागतात, असं थोरली येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. खरं तर एकानंही भागतं. वेताची ओली पट्टी वरून भोकात घालायची, मग वाकून खालून ओढायची, शेजारच्या भोकातून वर ढकलायची, पुन्हा सरळ होऊन वरून धरायची. कंबरेची वाट लागते, पण भागतं. मात्र थोरली आणि धाकटी या दोघी बहिणी बापाच्या हाताखाली शिकल्या त्या खुर्चीच्या दोन बाजूंना बसून. थोरली वर, धाकटी खाली. थोरलीनं पट्टी आत सारली की धाकटी ती खेचणार, ताण देणार आणि पुढच्या भोकातून टोक वर काढून हातात ठेवणार. मध्ये शब्द लागायचा नाही. जाळी भरत यायची तशा दोघी एकमेकींना दिसेनाशा व्हायच्या, आणि शेवटी नुसतं टोक खालून वर यायचं. मग थोरली म्हणायची, "झालं गं, निघ बाहेर."

बाप गेला, आई तर आधीच गेली होती. दुकान राहिलं. खाली लांबट खोली, तिच्यात भिजत घातलेल्या वेताचा हौद, भिंतीला टांगलेल्या पाय वर केलेल्या खुर्च्या, आणि वर दोन खाटांची खोली. दोघींचं लग्न झालं नाही. धाकटीचं का झालं नाही याची कारणं थोरलीकडे तयार असत. अमका दारू प्यायचा, तमक्याची आई खाष्ट होती. स्वतःचं का झालं नाही, याबद्दल ती बोलत नसे. पाळकसाहेबांची बायको, म्हणजे पाळकीणबाई, हिनं मात्र ते कोडं केव्हाच सोडवलं होतं. चर्चमध्ये बायकांच्या सभेत ती दर वर्षी थोरलीकडे बोट करून सांगायची, "एकटं राहणं ही सुद्धा देवाची देणगी आहे. हिच्याकडे बघा."

बायका बघायच्या. थोरली मांडीवरची पिशवी उगाच उघडून बंद करायची. एकदा तिला राहवलं नाही.

"बाई, देणगी म्हणजे कुणीतरी हातात आणून देतो ना? मला ही दाराबाहेर सापडली. कुणी ठेवून गेलं का विसरून गेलं, कोण जाणे."

बायका हसल्या. पाळकीणबाईही हसली, पण पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

अशा या घरात सूरवाले शिरले.

चर्चचा ऑर्गन जुना. त्याच्या भात्याला भोकं पडली होती, आणि खालचे सूर गायीनं हंबरावं तसे निघायचे. पंचांनी बाहेरगावचा एक कारागीर बोलावला. उंच, खांद्यात वाकलेला, पन्नाशीच्या आसपासचा माणूस. बोलणं कमी, ऐकणं जास्त. लोक त्याला सूरवाले म्हणू लागले. ऑर्गनपुढच्या स्टुलाची वेताची बैठक फाटली होती, ती घेऊन तो दुकानात आला. थोरली बाहेर गेली होती. परत येऊन बघते तर तो खालच्या बाजूला उकिडवा बसलेला, आणि धाकटी वरून पट्टी घालते आहे. थोरलीच्या जागेवर बसून.

"ताई, यांना बघायचं होतं ताण कसा देतात ते," धाकटी म्हणाली.

सूरवाल्यांनी पट्टीवर नख मारून ती वाजवली आणि मान हलवली. थोरलीच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून.

ऑर्गन दुरुस्त झाला तरी माणूस गावातून हलेना. त्यानं स्टेशनजवळ खोली घेतली. आजूबाजूच्या गावांची वाद्यं इथूनच करतो म्हणाला. संध्याकाळी दुकानात येऊन बसायचा. थोरली त्याला डोळ्यांत तेल घालून बघायची. त्याच्या कोटाचं अस्तर एका जागी उसवून पुन्हा शिवलं होतं, बारीक, एकसारख्या टाक्यांनी. पुरुषाचा हात असा चालतो होय? महिन्यातून एकदा तो कुठंतरी जायचा. विचारलं तर म्हणायचा, "काम असतं." त्या कामाला जाताना हत्यारांची मोठी पेटी नसायची, छोटी पिशवी असायची. आणि चर्चमध्ये तो कधी पुढच्या दारानं येत नसे, मागच्या दारानं येऊन ऑर्गनच्या आडोशाला बसायचा.

"माणसाची सवय असते," धाकटी म्हणायची.

"मागच्या दाराची सवय चांगल्या माणसाला कशी लागते, ते मला सांग."

एका संध्याकाळी धाकटीनं हात पुसले आणि सरळ सांगितलं, "ताई, आम्ही लग्न करणार आहोत. त्यांचं आधी एक लग्न झालं होतं. कोर्टानं मोडलं. बायको आहे, जिवंत आहे. तुला बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगते."

थोरलीच्या हातातली पट्टी सुटून हौदात पडली. शास्त्र तिला तोंडपाठ होतं, नाही असं नाही. देवानं बांधलेली गाठ माणसानं सोडायची नाही. सोडायचीच वेळ आली तर कारण मोठं लागतं, आणि ज्याच्या हातून पाप घडलं त्याला दुसऱ्यांदा वेदीपुढे उभं राहता येत नाही. त्यांच्या मंडळीचा नियम तरी असाच होता.

"कुणी कुणाला सोडलं?"

"ते त्यांनी पाळकसाहेबांना सांगितलंय."

"मला नाही सांगणार?"

"नाही," धाकटी म्हणाली. आवाज मऊ होता, पण दार लावल्यासारखा.

थोरली दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांकडे गेली. ते झाडांना पाणी घालत होते. तिचं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "मी त्याच्याशी बोललोय. मला पटलंय. लग्न लावायला माझी ना नाही."

"पण कारण काय?"

"ते माझ्या पोटात राहू दे. मी एवढंच सांगतो. गाठ सोडायला कारण लागतं, बरोबर. पण काही वेळा लोक जिला गाठ म्हणतात ती बांधलेलीच नसते. नुसते दोन दोर शेजारी ठेवलेले असतात."

थोरलीला यातलं एक अक्षर कळलं नाही. पाळक माणूस कोड्यात बोलायला लागला म्हणजे काहीतरी झाकतो आहे, एवढं मात्र तिनं ताडलं. घरी येताना तिचा हिशेब जुळला. ऑर्गनचं काम या माणसानं जवळजवळ फुकटात करून दिलं होतं. आता पाळकसाहेबांना त्याच्यावर डोळे वटारता येतील थोडेच?

त्यांच्या चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार घोषणा होते. अमका आणि तमकी यांचा विवाह ठरला आहे, कुणाची हरकत असेल तर कळवावी. एवढं तर सगळीकडेच असतं. पण इथं एक जुनी रीत होती. घोषणा झाली की पाळक गप्प राहायचे, मनातल्या मनात एक प्रार्थना म्हणून होईल इतका वेळ. त्या वेळात हरकत असलेल्या माणसानं नुसतं उभं राहायचं. बोलायचं नाही. भित्र्या, लाजऱ्या माणसालाही सोपं जावं म्हणून कुणा जुन्या पाळकानं घातलेली ती पद्धत होती. उभं राहिलेल्याचं कारण मागाहून, तिसऱ्या घोषणेच्या आधी, पंच बंद दाराआड ऐकायचे. त्यामुळे त्या शांततेत सगळी मंडळी दगडासारखी बसायची. त्यातून खुर्च्या वेताच्या. जरा कुणी बूड हलवलं की करकर, आणि शंभर माना वळणार. शिंक आली तर माणसं नाक दाबून धरायची.

पहिल्या घोषणेच्या आठवड्यात धाकटी कापडाच्या दुकानांत फिरत होती. चर्चची एक खुर्ची विणायची राहिली होती, ती थोरलीनं एकटीनं विणली. वर, खाली, वर, खाली. शनिवारी कंबर धरून तिनं कसंबसं काम उरकलं, आणि रविवारी ती खुर्ची नेऊन रांगेत ठेवली व स्वतःच तिच्यावर बसली. शेजारी धाकटी.

पाळकसाहेबांनी दोन नावं वाचली. मंडळीत कुजबुज उठली, विरली. मग शांतता.

थोरली खाली बघत होती. मनात काय चाललं होतं ते देवाला माहीत. तिनं जरा पुढे सरायचा प्रयत्न केला तर झगा मागून ओढला गेला. एका पट्टीचं टोक कापायचं राहिलं होतं. ते कडेतून वर आलं होतं आणि झग्याच्या शिवणीत घुसलं होतं. ओढलं तर फाटणार. म्हणून ती कापड सोडवायला अर्धवट उठली, आणि टोक निघेना म्हणून पूर्ण उठली.

खुर्ची करकरली. शंभर माना वळल्या.

पाळकसाहेबांनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत प्रश्न होता. नुसती मान हलवून ती बसू शकली असती. "अडकलं होतं," एवढं बोलली असती तरी लोक हसून मोकळे झाले असते. झगा तोवर सुटला होता. थोरली उभीच राहिली.

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. "हरकत नोंदवली आहे," ते म्हणाले. ऑर्गनच्या आड कुणीतरी बसलं होतं. तिथून काही आवाज आला नाही.

धाकटीनं मान वळवली नव्हती. एकटीनंच.

घरी येऊन धाकटीनं पाव कापला, सूप गरम केलं, दोघींपुढे ठेवलं. थोरली वाट बघत होती की आता फुटेल, आता भांडेल. धाकटी म्हणाली, "मीठ कमी आहे का?"

"नाही."

"मग बरं."

सोमवारी धाकटीनं वेगळी खुर्ची घेतली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून एकटीनं विणायला लागली. थोरलीनं आपल्या खुर्चीत पट्टी घातली, सवयीनं हात पुढे धरला, आणि खालून टोक आलंच नाही. ती वाकली. स्वतःच ओढलं. सगळा आठवडा असाच.

मंडळीत मात्र चर्चेला पूर आला होता. थोरलीला काहीतरी ठाऊक आहे, हे सगळे धरून चालले. काय ठाऊक आहे, याच्या तऱ्हा निघाल्या. त्याला तीन बायका आहेत. तो तुरुंगात होता. चष्म्याचं दुकान चालवणारे पंचांचे प्रमुख, त्यांना सगळे चष्मेवाले म्हणत, ते दुकानात येऊन खुर्चीच्या कडेवर टेकले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही हिंमत केलीत. पण कारण पक्कं आणा. माझ्या मनात पहिल्यापासून होतंच. चष्मा न लावता इतकं बारीक काम करणारा माणूस मला खटकतो."

थोरलीला हसू आलं नाही. पक्कं कारण तिच्याकडे नव्हतं. होता तो कोटाच्या अस्तराचा टाका आणि मागचं दार. दुसरी घोषणा झाली, शांतता झाली, ती बसून राहिली. हरकत आधीच नोंदलेली होती. आता उरला एकच आठवडा, आणि तेवढ्यात काही सापडलं नाही तर पंचांपुढे ती खोटी ठरणार होती. सापडलं तर धाकटी घरात राहणार होती. या दुसऱ्या वाक्यापाशी तिचं मन आलं की ते ती घाईनं पुढे ढकलायची.

सूरवाले मूळचे कुठले, हे ऑर्गनच्या कामाच्या वेळी पंचांना माहीत झालं होतं. थोरलीनं हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि बस पकडली.

त्या गावच्या चर्चपाशी एक म्हातारी पायऱ्या झाडत होती. सूरवाल्यांचं नाव काढताच ती झाडू टेकून उभी राहिली.

"त्या मेल्याचं काय काम आहे? देवासारखी बायको टाकून गेला. पुढच्या दारानं यायचं तोंड नाही त्याला. बिचारी ती मुलांना गाणं शिकवते, बेकरीच्या वरती राहते. कधी शब्द बोलली नाही त्याच्याविरुद्ध."

थोरलीनं खांद्यावरची पिशवी सावरली. हेच तर हवं होतं. त्यानं टाकलं, म्हणजे दोष त्याचा, म्हणजे लग्न नाही. इथूनच परत फिरली असती तरी चाललं असतं. पण जाता जाता बाईला एकदा डोळ्यांनी बघावं असं तिच्या मनानं घेतलं.

बेकरीच्या वरची खोली स्वच्छ होती. भिंतीला लागून वाजवायची छोटी पेटी, मुलांसाठी बाकं, खिडकीत एक वेताची खुर्ची, बैठकीला भोक पडलेली. बाई थोरलीच्याच वयाची असावी. बारीक चेहरा, केस घट्ट बांधलेले.

"खुर्च्या विणते मी," थोरली म्हणाली. "गावात फिरतेय. ही करून देऊ?"

बाईनं तिच्याकडे, मग पिशवीकडे, मग पुन्हा तिच्याकडे बघितलं. "द्या करून."

बादलीत वेत भिजवला. काम सुरू झालं. थोरली वरून पट्टी घालून वाकायला लागली, तशी बाई सहज खाली बसली. "मी ओढते. सांगा कसं ते." थोरलीनं सांगितलं. बाईचे हात वाजवणाऱ्याचे होते, चटकन शिकले. चार-पाच ओळी झाल्यावर खालून आवाज आला.

"तुम्ही त्याच्या लग्नाचं बघायला आलात ना?"

थोरलीचा हात थांबला.

"फिरत्या विणकरणी बसनं येत नाहीत," बाई म्हणाली. "आणि त्यानं मला सांगितलंय, दोघी बहिणी आहेत, वेताचं काम करतात. थोरली त्याच्याकडे असं बघते की आपण काय चोरलंय ते त्यालाच आठवावं लागतं, म्हणाला."

"येतो तो इथं? अजून?"

"महिन्यातून एकदा. मागच्या दारानं चर्चमध्ये येतो, ऑर्गन लावून जातो. वाजवते मी, म्हणून. पट्टी द्या."

थोरलीनं पट्टी दिली. ती ओढली गेली, टोक वर आलं.

"तुम्हाला टाकलेल्या माणसाशी बोलता तुम्ही?"

"कोण म्हणालं टाकलं?"

"सगळं गाव म्हणतं."

"गावाला तो तसं सांगून गेला." खालून पट्टी ओढली गेली. "बाई, मला लग्न नको होतं. लहानपणापासून नको होतं. चर्चमध्ये बसून गावं, मुलांना शिकवावं, एकटं राहावं, यात मला काही उणं वाटत नव्हतं. पाळकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, हे बोलावणं असतं, काहींना येतं. आई म्हणाली, बोलावणं-बिलावणं काही नाही, मुलगी घाबरलीये. वेदीपुढे मला हो म्हणायला लावलं. मी म्हणाले. पण त्या घरात मी त्याची बायको कधी झालेच नाही. तुम्हाला कळतंय मी काय म्हणते ते?"

"कळतंय," थोरली म्हणाली. दोन दोर शेजारी ठेवलेले. पाळकसाहेब झाडांना पाणी घालताना बोलले ते तिला आठवलं.

"त्यानं वाट बघितली. वर्षानुवर्षं. कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाला, मी जातो, दोष माझ्यावर राहू दे, तुला इथं राहायचंय. मी हो म्हटलं."

"आणि तुम्ही कधीच खरं सांगितलं नाहीत?"

"मुलांच्या आया माझ्याकडे मुलं पाठवतात ते मी बिचारी आहे म्हणून. खरं कळलं तर काय म्हणतील? मी भित्री आहे, बाई. त्याच्या कोटाचं अस्तर शिवून देते, तेवढं जमतं मला."

टोक वर आलं. थोरलीला ते धरायचं भान राहिलं नाही. बाईनंच खालून विचारलं, "तुम्ही पण एकट्याच ना? मर्जीनं?"

आजवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पाळकीणबाईनं तर उत्तरच देऊन टाकलं होतं.

"मला कुणी विचारलंच नाही," थोरली म्हणाली.

"विचारलं असतं तर?"

"हो म्हणाले असते. तेव्हा." तिनं टोक ओढून घेतलं. "आता नाही म्हणेन. आता मला धाकटी पुरते."

"आणि तिला तुम्ही पुरता?"

जाळी जवळजवळ भरली होती. खालचा चेहरा दिसत नव्हता. थोरलीनं शेवटची पट्टी घातली, गाठ मारली, टोक कापलं. बोटानं कड तपासली. कुठं टोचत नव्हती.

दारात बाई म्हणाली, "तुमच्या मंडळीत हे सांगायचं असेल तर मी अडवू शकत नाही. फक्त आधी मला कळवा. आयांना मीच सांगेन मग. दुसऱ्याकडून नको."

परतीच्या बसमध्ये थोरलीनं तरीही शंका उकरून बघितली. दोघांनी मिळून हे रचलं असेल तर? बाईला पढवून ठेवलं असेल तर? पण ती बाई स्वतःला भित्री म्हणाली होती. पढवलेलं माणूस स्वतःबद्दल असं बोलत नाही. खिडकीबाहेर बघत थोरली बसून राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःचाच संशय आला.

तिसऱ्या रविवारी उपासनेआधी पंच पाळकसाहेबांच्या खोलीत बसले. धाकटी दाराबाहेरच्या बाकावर होती. दार नीट लागत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"बोला," चष्मेवाले म्हणाले. "तुम्ही त्याच्या गावाला गेला होतात, आमच्या कानावर आलंय. काय कळलं तिथं?"

"तिथं एक खुर्ची विणली."

"ते नाही विचारत."

"मी तेवढंच केलं तिथं."

पाळकसाहेबांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. तिला सगळं माहीत झालंय, हे त्यांनी ओळखलं.

"माझी हरकत मी मागं घेते," थोरली म्हणाली.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. "असं चालत नाही. कारण सांगून मागं घ्यावी लागते. नाहीतर लोक म्हणतील बहिणीनं बहिणीला गप्प बसवलं, नाहीतर त्यानं काही देऊन तोंड बंद केलं. उभ्या का राहिलात?"

"माझा झगा वेताच्या टोकात अडकला होता. सोडवायला उठले."

एक पंच खोकल्यासारखं हसला. चष्मेवाले हसले नाहीत. ते उठले, चर्चमध्ये गेले आणि तीच खुर्ची घेऊन आले. उजेडात धरली. कडेवरून बोट फिरवलं, मग पंजा फिरवला.

"इथं काही टोचत नाही. सगळी टोकं कापलेली आहेत."

थोरलीनं खुर्ची आपल्याकडे ओढली. कड गुळगुळीत होती. तिनं तर त्या दिवसानंतर या खुर्चीला हातही लावला नव्हता.

"होतं," ती म्हणाली. "होतं इथं. मीच ठेवलं होतं, कंबर दुखत होती म्हणून. अडकले. मग सुटले. सुटल्यावर बसायला हवं होतं. बसले नाही."

"का नाही बसलात?"

तिनं खुर्ची खाली ठेवली. "बसले असते तर हिचं लग्न झालं असतं. आणि मी घरात एकटी उरले असते. एवढीच हरकत. त्या माणसात खोट असती तर बरं झालं असतं, म्हणून शोधायला गेले."

"आणि खोट सापडली का?"

"माझी मी आणली परत."

चष्मेवाल्यांच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता. "गोष्ट चांगली आहे. पण टोक कुठंय?"

दार ढकलून धाकटी आत आली. तिनं पिशवीत हात घातला आणि टेबलावर काहीतरी ठेवलं. वेताचं नखाएवढं टोक होतं. त्याला झग्याचे निळे धागे गुंडाळलेले होते.

"मी कापलं," ती म्हणाली. "त्याच दिवशी, सगळे बाहेर पडल्यावर. कुणीतरी अजून अडकायला नको."

पंच धाग्याकडे बघत राहिले. पाळकसाहेबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "मंडळी बसलीये. चला."

चर्चच्या मधल्या वाटेनं जाताना थोरलीनं बहिणीचा दंड धरला. "तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून."

"शेजारी बसले होते की. शिवण सुटल्याचा आवाज आला मला."

"आणि त्यांचं, त्या बाईचं?"

"ते त्यांनी मला मागणी घालायच्या आधी सांगितलं."

"मग बोलली का नाहीस? एका शब्दात मिटलं असतं."

"मिटलं असतं. मग मी लग्न करून गेले असते, आणि तू आयुष्यभर मनात उभीच राहिली असतीस." धाकटीनं दंड सोडवून घेतला. "तुझं तूच बसायला हवं होतं, ताई."

"आणि मी बोललेच नसते तर?"

धाकटी पुढे चालू लागली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. थोरलीला ते आज पहिल्यांदा दिसलं.

चष्मेवाल्यांनी खुर्ची परत रांगेत आणून ठेवली होती. थोरली तिच्यावर बसली. पाळकसाहेबांनी तिसऱ्यांदा दोन नावं वाचली, हरकत मागं घेतली गेल्याचं सांगितलं, आणि गप्प झाले. माना आधीच वळल्या होत्या. सगळे तिच्याकडेच बघत होते, ही बाई काय करेल याचा अजून भरवसा नसल्यासारखे.

ऑर्गनच्या आडून सूरवाल्यांचं स्टूल हळूच करकरलं. त्यांनाही नसावा.

थोरलीनं दोन्ही हातांनी खुर्चीची कड घट्ट धरली. बोटाला ती जागा लागली, धाकटीनं कापलेली. फार जवळून कापलं होतं. गाठीला धरायला पुरेसं काही ठेवलंच नव्हतं. अशी पट्टी महिन्याभरात सुटते, आणि मग शेजारच्या चार ओळी घेऊन जाते. सगळं उसवून पुन्हा करावं लागणार होतं, आणि ते एकटीनं करायचं काम नव्हतं. बापानं किती वेळा सांगितलं होतं या मुलीला, टोक ठेवून काप म्हणून. थोरली तिला झापायला शेजारी वळणार होती, तेवढ्यात तिला आठवलं की आता हलायचं नाही.